पाला कुणाचा?

बंगळुरूच्या इंदिरानगरात कुणालाही विचारा, हा भाग पूर्वी फार छान होता असंच सांगेल. हे ‘पूर्वी’ नेमकं कधीचं, यावर मात्र एकमत नाही. आमचे घरमालक, म्हणजे अंकल, एचएएल या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते समोरच्या मोकळ्या प्लॉटवर घर उभं राहिलं त्या दिवशी इंदिरानगर संपलं. ते समोरचं घर कर्नलसाहेबांचं. त्यांच्या मते हंड्रेड फीट रोडवर पहिली शोरूम आली तेव्हा संपलं. आमच्या गच्चीवरच्या खोलीत स्टार्टअपमध्ये नोकरी करणारा एक मुलगा राहतो, त्याला येऊन अजून वर्षही झालेलं नाही. तोही परवा जिन्यात उसासा टाकून म्हणाला, “आंटी, इंदिरानगर आता पहिल्यासारखं राहिलं नाही.”

मी अजून ‘पूर्वी’ म्हणायला सुरुवात केलेली नाही, कारण मी सोलापूरची आहे. एप्रिलमध्ये पारा त्रेचाळीसवर गेला की आम्ही ‘यंदा ऊन बरं आहे’ म्हणतो. इथे एप्रिलच्या भर दुपारी माणसं कुत्र्यांना फिरवायला नेतात. सोलापुरात त्या वेळी कुत्रंसुद्धा आपण होऊन बाहेर पडत नाही, त्याला न्यायला माणूस येणं दूरच. त्यामुळे इथली झाडं, इथली सावली, मे महिन्यात पंख्यावर भागणं, हे सगळं मला अजून फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. फुकटात अर्थातच काही मिळत नाही. दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून द्यायची इथली जुनी रीत आहे.

ते डिपॉझिट कमी व्हावं म्हणून मी घरमालकांना इतिहास ऐकवला होता. आमचा पत्ता कागदोपत्री ‘एचएएल सेकंड स्टेज’ असा आहे. विमानाचा हा कारखाना १९४० साली म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन काढला तो वालचंद हिराचंद यांनी, आणि वालचंद जन्मले सोलापुरात. म्हणजे वालचंद नसते तर कारखाना नसता, कारखाना नसता तर हा स्टेज नसता आणि अंकलना नोकरीही नसती. सोलापूरच्या माणसाला एवढी सवलत द्यायला काय हरकत आहे? अंकलनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, “व्हेरी इंटरेस्टिंग” म्हणाले आणि चेकवर शून्यं बरोबर आहेत का ते मोजून पाहिलं. मराठी माणूस बंगळुरूत नवा नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांना या गावाची जहागीरच मिळाली होती. त्यांच्याकडे डिपॉझिट मागण्याची हिंमत कुणी केली नसेल, एवढाच फरक.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळूर विकास प्राधिकरणानं इथे प्लॉट पाडले आणि वस्तीला इंदिरा गांधींचं नाव दिलं. लष्करातले आणि सरकारी कारखान्यांतले लोक आले. इथे प्लॉटला ‘साइट’ म्हणतात, आणि माणसाची ओळख त्याच्या साइटच्या मापानं होते. “ते कोपऱ्यावरचे?” “हां, ते सिक्स्टी-फॉर्टी.” थर्टी-फॉर्टीवाल्याला जरा सहानुभूती मिळते. आम्ही भाडेकरू, आम्हाला मापच नाही. अंकलना साइट वाटपात मिळाली. तेव्हा ती केवढ्याला पडली हे ते आनंदानं सांगतात, आणि दर वेळी आकडा थोडा कमी होतो. मी आणखी दोन-चार वर्षं इथे राहिले तर सरकारनं त्यांनाच पैसे दिले होते असं कळेल. त्या काळात इथे रात्री कोल्हे ओरडायचे म्हणे. आता ट्वेल्थ मेनवरच्या पबांबाहेर रात्री साडेबाराला जे ओरडतात त्यांच्यापेक्षा कोल्हे बरे, असं कर्नलसाहेबांचं मत आहे.

पण इथलं खरं राजकारण झाडांचं.

प्लॉट पाडणारं प्राधिकरण आणि झाडं वाचवणारा कर्नाटकचा कायदा, दोघंही १९७६ चे. एका वर्षात जन्मलेल्या या भावंडांचं तेव्हापासून पटलेलं नाही. आमच्या घराच्या आणि पलीकडच्या घराच्या बरोबर मधोमध, फुटपाथवर, एक टॅबेबुयाचं झाड आहे. मुंबईकर ज्याला बसंतराणी म्हणतात आणि विक्रोळीला हायवेवर ज्याचे फोटो काढतात, तेच. हे मूळचं अमेरिका खंडातलं झाड; पण इथे कुणी त्याला कन्नड येतं का विचारत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला एक दिवस ते अंगावरची पानं टाकून नखशिखांत गुलाबी होतं. त्या दिवसांत झाडाला दोन मालक असतात. अंकल सांगतात, “मी स्वतः लावलं, ऐंशीच्या दशकात.” पलीकडच्या आंटी सांगतात, “आमच्या सासूबाईंनी पाणी घालून वाढवलं.” (माझा संशय वेगळाच आहे. ऐंशीच्या दशकात नेगिनहाळ नावाच्या वनाधिकाऱ्यांनी या शहरात पंधरा लाख झाडं लावली. त्यांतलंच हे एक असणार. पण भाडेकरूनं असले विषय काढू नयेत.) रस्त्यानं जाणारे थांबतात, मान वर करतात, फोन काढतात. दोन्ही मालक आपापल्या फाटकाशी उभे राहून कौतुक स्वीकारतात.

आठवड्यानं फुलं गळायला लागली की झाड सरकारी होतं. मुळांनी कंपाउंड वॉलला तडा गेला तेव्हा तर अंकलनी मला कायदाच समजावून सांगितला. फुटपाथवरचं झाड ही सार्वजनिक मालमत्ता असते, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही, आणि सबब भिंतीचा खर्च सरकारनं द्यावा. “पण अंकल, तुम्हीच लावलं होतं ना?” “लावलं मी. वाढलं ते स्वतः.”

पाल्याचा रोजचा प्रवास मी बाल्कनीतून चहा घेत बघते. वर्तमानपत्र बंद केलं तरी चालेल इतकं त्यात असतं. सव्वासहाला पलीकडच्या आंटी येतात. फाटकासमोर पाणी मारतात, झाडतात, उकिडवं बसून ठिपक्यांची रांगोळी काढतात आणि उठताना सगळा पाला हलक्या हातानं आपल्या हद्दीच्या चार बोटं पलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला, सारतात. त्यात द्वेष नसतो. झाडू उजव्या हातात असतो आणि उजवीकडे आम्ही. साडेसहाला आमच्या घरमालकीण आंटी तोच ढीग रस्त्याच्या मध्यापर्यंत नेतात, कारण मध्य कुणाचाच नाही. पावणेसातला कर्नलसाहेबांचा वॉचमन खराट्यानं तो रस्त्याच्या आमच्या अर्ध्यात परत पाठवतो. त्याला तशी लेखी सूचना आहे असं मला वाटतं. तेवढ्यात दुधाचा टेम्पो येतो आणि सगळ्यांना समान वाटप करून जातो. मग साडेसातला महापालिकेची पौरकार्मिक बाई येते, लांब दांड्याच्या खराट्यानं पंधरा मिनिटांत सगळं गोळा करते, विजेच्या खांबाशी रास लावते आणि पाठ सरळ करते. तिला दोन्ही फाटकांतून एकाच वेळी सूचना मिळतात: खांब आमच्या बाजूला येतो, जरा पलीकडे लावा. ती “आयतु अम्मा” म्हणते आणि रास तिथेच ठेवून पुढच्या क्रॉसला जाते. कचऱ्याची गाडी येते, ओला घेते, सुका घेते, पाल्याकडे बघते आणि निघून जाते. तो ना ओला ना सुका. आठच्या सुमाराला वारा सुटतो.

मी एकदा सुचवून पाहिलं की आमच्या मागच्या मोकळ्या जागेत खड्डा करून खत करू. सगळ्यांना कल्पना फार आवडली. पलीकडच्या आंटींनी त्या दिवसापासून पाला थेट खड्ड्यापर्यंत आणून टाकला, अंकलनी खत तयार झालं का म्हणून रोज चौकशी केली, आणि खड्डा भरल्यावर तो माझा झाला. आता त्याला वास येतो अशी कर्नलसाहेबांची तक्रार आहे. त्यांचं घर रस्त्यापलीकडे आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आली तेव्हा या गल्लीचं खरं रूप दिसलं. बोअरवेल आटल्या, टँकरचे भाव वाढले, आणि कावेरीचं पाणी गाडी धुवायला किंवा बागेला वापरलं तर पाच हजार रुपये दंड असा हुकूम निघाला. महिनाभर इथल्या किमती गाड्या धुळीनं माखून उभ्या होत्या आणि त्यात एक प्रकारची प्रतिष्ठा आली. स्वच्छ गाडी दिसली की लोक थबकून बघायचे. एका पहाटे एक गाडी चकचकीत दिसली. मालकानं दिवसभर भेटेल त्याला सांगितलं की रात्री फक्त आमच्याच फाटकासमोर पावसाची सर आली होती.

आता कॅफेंकडे वळू, कारण तिकडे सगळेच वळतात. ट्वेल्थ मेन आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये घराची रचना ठरून गेली आहे. तळमजल्यावर कॅफे, पहिल्या मजल्यावर योगा किंवा पिलाटेस, दुसऱ्या मजल्यावर मालक, आणि गच्चीवर मालकाची तक्रार. कॅफेत कॉफी मागितली की मुलगा विचारतो, कुठल्या मळ्यातली, कशी भाजलेली, कशातून गाळलेली. मी म्हणते, गरम. तो दुखावतो. तिथून दोनशे पावलांवर दर्शिनी आहे. तिथे उभ्यानं, बाय-टू, स्टीलच्या पेल्यात फेसाळ कॉफी मिळते आणि मळ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दोन्हीकडे तीच माणसं दिसतात. दर्शिनीत ती कॉफी प्यायला जातात, कॅफेत लॅपटॉप घेऊन बसायला.

या कॅफे आणि पबांच्या आवाजाविरुद्ध रहिवासी बरीच वर्षं लढत आहेत. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. झोपायच्या खोलीखाली ढोल वाजावा तसा बेस वाजत असेल तर कायदा रहिवाशाच्या बाजूनं आहे: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. हे आकडे आमच्या गल्लीत लहान मुलांनाही पाठ आहेत. कर्नलसाहेबांच्या फोनवर आवाज मोजायचं ॲप आहे. संध्याकाळी फिरताना इतर लोक पावलं मोजतात, हे डेसिबल मोजतात.

पार्कमधल्या रविवारच्या सभेला मी एकदाच गेले, अंकलच्या वतीनं, कारण त्यांचा गुडघा दुखत होता. चाळीसेक मंडळी, बहुतेक पांढऱ्या बुटांतली. ठराव आला की निवासी गल्ल्यांमध्ये कुठलाही धंदा नको. टाळ्या पडल्या. एक गृहस्थ उठून म्हणाले, पूर्ण पाठिंबा, पण ज्यांचे भाडेकरार आधीच झालेले आहेत त्यांचं काय? एकदम शांतता. एवढी की कर्नलसाहेबांनी सवयीनं फोन काढून आकडा पाहिला. मग ‘विद्यमान भाडेकरार वगळून’ अशी दुरुस्ती आली आणि एकमतानं मंजूर झाली. दुसरा ठराव पार्किंगचा. बाहेरच्यांनी आमच्या फाटकासमोर गाड्या लावू नयेत. इथे प्रत्येक घराबाहेर रस्त्यावर दोन-तीन मोठ्या कुंड्या असतात. त्या शोभेसाठी असतात असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या जागा धरून बसलेल्या असतात आणि वर्षाला वीतभर पुढे सरकतात. एखादा डिलिव्हरीवाला मुलगा दोन कुंड्यांमध्ये स्कूटर लावून ‘थर्टीन्थ क्रॉस कुठे?’ विचारतो तेव्हा त्याला आधी कुंडीबद्दल ऐकून घ्यावं लागतं, पत्ता मग. तिसरा विषय मोडक्या फुटपाथचा होता. त्यावर बोलायला वेळ उरला नाही. २०२५ मध्ये तर महापालिकेचेच पाच भाग झाले, त्यामुळे आता तक्रार कुठल्या पाचव्या हिश्श्याकडे करायची यावर आधी एक सभा होईल.

मेट्रोचंही असंच झालं होतं म्हणे. सीएमएच रोडवरून, म्हणजे चिन्मय मिशन हॉस्पिटलच्या रस्त्यावरून, खांबांवरची मेट्रो जाणार म्हटल्यावर व्यापारी आणि रहिवासी रस्त्यावर उतरले होते. झाडं गेली, दुकानं झाकली गेली. २० ऑक्टोबर २०११ ला बैयप्पनहळ्ळी ते एमजी रोड ही शहरातली पहिली मेट्रो धावली. अंकल विरोधाच्या मोर्चातही होते आणि पहिल्या दिवशीच्या रांगेतही. भाडेकरू शोधताना त्यांनी जाहिरातीत पहिली ओळ टाकली होती: मेट्रोपासून सात मिनिटं.

सोलापूरहून पाहुणे आले की त्यांना यातलं काहीच बघायचं नसतं. त्यांना राहुल द्रविडचं घर बघायचं असतं. इंदूरमध्ये जन्मलेला, मराठी घरातला, बंगळुरूत वाढलेला; त्यामुळे तो आपलाच, असं माझ्या मामांचं गणित आहे. २०२१ च्या आयपीएलच्या वेळी एका जाहिरातीत हा शांत माणूस ट्रॅफिकमध्ये गाडीच्या छतातून वर येऊन बॅट परजत स्वतःला इंदिरानगरचा गुंडा म्हणाला आणि देशभर हसू पिकलं. आमच्या गल्लीत मात्र दोन तट पडले. तरुणांनी टी-शर्ट छापून घेतले. कर्नलसाहेबांना ती बदनामी वाटली: निवासी भागात गुंडा कसा असेल? मला स्वतःला त्यातला विनोदाचा भाग गुंडा नाही वाटला. या रस्त्यावर इतका वेळ अडकून पडल्यावर एकाच माणसाचा तोल जातो, तेही जाहिरातीत आणि पैसे घेऊन, ही कमाल आहे. मामांना मी घर दाखवलं नाही. एक मोठं फाटक दाखवलं आणि गप्प राहिले. त्यांनी फोटो काढला.

कन्नडबद्दलही सांगायला हवं. सोलापूरकराला कन्नड येतं अशी माझी समजूत होती. इथे भाजी घ्यायला हॉपकॉम्सच्या गाळ्यावर पहिल्यांदा गेले आणि आमच्या पद्धतीनं प्रत्येक शब्दाला ‘री’ जोडत, खड्या आवाजात, भेंडीचा भाव विचारला. गाळ्यावरचा माणूस दचकला. मग त्यानं हसून विचारलं, “मेडम, नीवु हुब्बळ्ळि कडेयवरा?” हुबळीकडच्या का तुम्ही? तेव्हापासून मी त्याच्यासाठी हुबळीची आहे आणि मला कोथिंबीर वर मिळते. गच्चीवरच्या मुलाला, जो इंदिरानगरच्या ऱ्हासावर उसासे टाकतो, त्याला एवढंच येतं: “कन्नड गोत्तिल्ला.” पण ते तो इतक्या गोड स्वरात म्हणतो की रिक्षावाले मीटरवर थोडेच जास्त मागतात.

कुत्र्यांबद्दल थोडक्यात: त्यांना फिरवायला माणूस असतो, आणि मालकाला चालायला लावायला वेगळा ट्रेनर. कुत्रा आणि मालक पार्कमध्ये समोरासमोर आले की कुत्रा मालकाला ओळखतो.

गणपतीत आमच्याकडे दीड दिवसांचा असतो. व्हाइटफील्ड, हेब्बाळ, बनशंकरीहून मराठी मित्रमंडळी येतात. दोन-दोन तास ट्रॅफिकमधून आलेला माणूस एका आरतीवर समाधान मानत नाही; तो येतील तेवढ्या सगळ्या म्हणतो. गेल्या वर्षी सोळा-सतरा जण, चार झांजा, एक टाळ, आणि माझ्या दिराला लहानपणापासून ताशाची हौस, तर त्यानं स्टीलचं ताट घेतलं. पाचव्या आरतीच्या सुमाराला दारात कर्नलसाहेब उभे दिसले, हातात फोन. अंकल आणि आंटी आतच होते, पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत. आरती थांबली. कर्नलसाहेबांनी फोन सगळ्यांना दिसेल असा धरला: ८४.

माझा नवरा नम्रपणे म्हणाला, “साहेब, हे काही पब-कॅफे नाही. घरगुती आहे. शुद्ध रेसिडेन्शियल.”

“तोच तर प्रश्न आहे,” कर्नलसाहेब म्हणाले. “रेसिडेन्शियलला दिवसा पंचावन्न. तुम्ही इथे कॅफे काढला असता तर कमर्शियलचे पासष्ट मिळाले असते.”

मग त्यांनी बूट काढले, मोदक घेतला आणि विचारलं, “अजून किती आहेत?” दीर म्हणाला, “चार. आणि मग मंत्रपुष्पांजली.” अंकलनी घड्याळाकडे बघून हिशोब मांडला की दहाच्या आत होतील, आणि सहावी सुरू झाली.